चार्जिंग स्टेशनवर अडॅप्टर विकू नका, मराठीत सांगणारा माणूस ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एरंडोलला राहतो, माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली, विहिरीवरच्या मोटरी, सबमर्सिबल, स्टार्टर, पिठाच्या गिरणीच्या मोटरी हेच काम. दीड वर्षापूर्वी घरात इलेक्ट्रिक कार आली. मुलाचा हट्ट होता आणि मलाही वाटलं की विजेवर चालणारी गाडी म्हणजे आपल्याच धंद्यातली वस्तू. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, चांगली चालते. पत्र लिहायला बसलो ते चार्जिंग स्टेशनवर जे चाललंय त्याबद्दल आणि तिथे हातोहात खपणाऱ्या अडॅप्टरांबद्दल, कारण मे महिन्यात एक प्रकार माझ्या डोळ्यासमोर घडता घडता राहिला आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही सुरतला निघालो होतो, उधन्यात माझी बहीण राहते, आपल्याकडे तर घरटी एक जण सुरतला असतोच. पारोळा, धुळे, साक्री असा नेहमीचा रस्ता. साक्री सोडल्यावर कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबलो, दुपारचे अडीच वाजलेले, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या आधी सुरतकडून आलेली एक गाडी तिथे उभी होती, नवरा-बायको, एक म्हातारी आजी आणि सहा-सात वर्षांची मुलगी. त्यांची बॅटरी सहा टक्क्यांवर. तो बिचारा अर्ध्या तासापासून गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत खोचायचं तोंड, लावतोय, स्क्रीनवर कनेक्टिंग येतंय, मिनिटभराने फेल येतंय, परत गन काढतोय, परत लावतोय. हेल्पलाईनला फोन लावला तर हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, आणि दहा मिनिटं गाणं ऐकून झाल्यावर पलीकडून उत्तर काय तर आमच्याकडे चार्जर ऑनलाईन दिसतोय, तुमच्या गाडीचा प्रॉब्लेम असेल, शोरूमला दाखवा. साक्रीच्या पुढे उन्हात उभ्या असलेल्या माणसाने कोणतं शोरूम शोधायचं?

तेवढ्यात शेजारच्या टपरीवरून एक पोरगा आला. "काय व्हयनं भाऊ, गाडी चार्ज व्हत नही का?" म्हणून त्याने आपुलकीनेच चौकशी केली आणि म्हणाला की थांबा, माझ्याकडे अडॅप्टर आहे, हॉटेलच्या किचनमधल्या 15 अँपिअरच्या सॉकेटवरून लावून देतो, किती गाड्या मी चालू करून दिल्यात. मालकाने डिकीतून गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर काढला, किचनच्या सॉकेटला लावला, तर त्याच्यावर लाल लाईट, अर्थिंग नाही म्हणून. मग पोराने त्याचा तो अडॅप्टर मधे घातला आणि लाल लाईटची हिरवी झाली. सगळ्यांनी हुश्श केलं. गाडी चार्ज व्हायला लागली.

मला ते बघूनच कसंतरी झालं. सॉकेटला अर्थिंग नव्हतं तर अडॅप्टरमधून अर्थिंग आलं कुठून? मी पोराला म्हटलं दादा जरा बंद कर, मला बघू दे. त्याने बंद केलं, मी खिशातल्या टेस्टरने त्या अडॅप्टरचे दोन स्क्रू उघडले आणि आतमध्ये न्यूट्रलच्या पिनपासून अर्थच्या पिनपर्यंत बोटाच्या पेराएवढी एक वायर जोडलेली. एवढंच. हाच तो अडॅप्टर.

ज्यांना विजेचं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे गाडीत कुठे वीज लीक झाली तर ती जमिनीत जावी आणि स्विच पडावा. पोर्टेबल चार्जर आधी ही वायर खरंच जमिनीला पोचते का ते तपासतो आणि नसली तर काम करायला नकार देतो. न्यूट्रल तिला जोडला की चार्जरची फसगत होते, त्याला वाटतं अर्थिंग आलं. आता मागे कुठेतरी न्यूट्रल लूज झाला किंवा तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. न्यूट्रल लूज होणं म्हणजे काय ते आपल्या गावांना शिकवायला नको, डीपीवरचा न्यूट्रल सुटला आणि गल्लीतले सगळे टीव्ही-फ्रीज जळाले असं प्रत्येक गावात एकदा तरी झालेलं आहे. आणि जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले, जे मी आठवड्यातून दोनदा बघतो, तर न्यूट्रल तुटायचीही वाट बघायला नको. गाडी रबरी टायरवर उभी असते म्हणून गाडीला काही होत नाही, आत बसलेल्यालाही कळत नाही. जमिनीवर उभं राहून जो हात लावेल त्याच्यातून वीज जाते.

हॉटेलवाल्याने धूळ बसावी म्हणून नुकतंच आवारात पाणी मारलं होतं. ती मुलगी अनवाणी, ओल्या जमिनीवर, गाडीच्या दाराला पाठ टेकून कुल्फी खात होती.

साहेब, मी त्या पोराला शिव्या दिल्या नाहीत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. धुळ्यात एका दुकानातून त्याने तो आणलेला, दुकानदाराने अर्थिंगवाला अडॅप्टर म्हणून विकलेला, आणि तो आपला लोकांना मदत करत होता. मी ती वायर त्याच्यासमोर कापली आणि का कापली ते पंधरा मिनिटं समजावलं, त्याने ऐकूनही घेतलं.

आता त्या मोठ्या डीसी चार्जरला खरंच काय झालं होतं ते ऐका. काहीच झालं नव्हतं. डीसीची जी गन असते, सीसीएस टू म्हणतात ती, तिच्या खालच्या बाजूला दोन जाड पिन असतात ज्यातून करंट जातो आणि वरच्या गोल भागात बारीक पिन असतात ज्यातून गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. केबल मनगटाएवढी जाड आणि ताठ, तिच्या वजनाने गनची मूठ खाली ओढली जाते आणि गनचा वरचा भाग किंचित बाहेर येतो. जाड पिन बसलेले वाटतात, बारीक पिन अर्धवट. बोलणंच झालं नाही तर करंट कुठून सुरू होणार? मी दोन्ही हातांनी गनची मूठ खालून उचलून धरली, आत दाबली, गाडीचं लॉक खट्ट करून पडल्याचा आवाज येईपर्यंत तशीच धरून ठेवली आणि त्या भाऊंना म्हटलं आता ॲपवरून स्टार्ट द्या. मिनिटभरात चार्जिंग सुरू. आजीबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गुजरातीत काहीतरी आशीर्वाद दिला.

मी आता नऊ-दहा वेळा तरी जळगाव, धुळे, शिरपूर, नवापूर या भागात बाहेर चार्जिंग केलंय, प्रत्येक वेळी कोणी ना कोणी अडलेला भेटतो, आणि दुकानात बसायची सवय असल्यामुळे मी विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाही. बहुतेक वेळा कारण असंच छोटं निघतं. कोणीतरी लाल इमर्जन्सी बटण दाबून गेलेलं असतं आणि ते फिरवून बाहेर काढायचं कोणाला माहीत नसतं, मशीन बंद पडलंय म्हणून लोक परत जातात. कधी आधीच्या माणसाचं सेशन ॲपमध्ये संपलेलंच नसतं. कधी गाडीत रात्री अकराचं टाईमर लावलेलं असतं, घरच्या चार्जिंगसाठी, आणि ते विसरून माणूस दुपारी दोनला चार्जरला दोष देत बसतो. काही चार्जरला आधी गन लावायची मग ॲप, काहींना आधी ॲप मग गन, आणि हे कुठेही लिहिलेलं नसतं. फेल आल्यावर लगेच परत लावू नये, गन काढून मिनिट-दोन मिनिटं थांबून, गाडी लॉक-अनलॉक करून मग लावावी, निम्म्या वेळा तेवढ्याने होतं. पावसाळ्यात आयसोलेशन फॉल्ट नावाचा प्रकार येतो, लोक घाबरतात की बॅटरी गेली, पण डीसी चार्जर करंट सोडायच्या आधी इन्सुलेशन तपासतो, आपण मोटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावून बघतो तसंच, आणि गन चिखलात लोळत पडलेली असली, पिनमध्ये ओल गेलेली असली की तो नाही म्हणतो. कोरड्या फडक्याने बाहेरून पुसून, गन खाली तोंड करून झटकून, दुसरी गन असेल तर ती लावून बघायची. पिनमध्ये स्क्रू ड्रायव्हर, काडी, खडू, पॉलिश पेपर काही घालायचं नाही, पिनवरचं प्लेटिंग गेलं की ती गन कायमची खराब. आणि उन्हाळ्यात 60 किलोवॅटचा चार्जर 25 देतोय म्हणून भांडू नका, आपल्या जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, तेव्हा मशीन स्वतःला आणि गाडीला जपत असतं, सावलीतली गन निवडा.

आता अडॅप्टर. सगळेच अडॅप्टर वाईट असं मी म्हणत नाही, पण कोणता कशासाठी हे कळलं पाहिजे.

एक आहे निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटवरून 15 अँपिअरच्या थ्री पिनवर आणणारा. जुन्या भारत एसी-001 प्रकारच्या चार्जरना तीन निळे सॉकेट असतात, प्रत्येकी 3.3 किलोवॅटचे, त्याला आपला पोर्टेबल चार्जर थेट बसत नाही म्हणून हा मधे घालतात. काम योग्य आहे, पण माल बघून घ्या. 3.3 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला साधारण 14 अँपिअर, आणि ते मिक्सरसारखे दोन मिनिटं नाही, आठ-आठ दहा-दहा तास सलग. सांध्यात नुसता 0.1 ओहमचा लूज कॉन्टॅक्ट असला तरी 14 गुणिले 14 गुणिले 0.1, म्हणजे जवळपास 20 वॅटची उष्णता त्या एका ठिकाणी तयार होते. माझ्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे, त्याने मी शिसं वितळवतो. म्हणजे तुमच्या अडॅप्टरच्या प्लास्टिकमध्ये रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं आहे ते. फैजपूरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने मला असाच एक अडॅप्टर आणून दिला, एका बाजूने पार वितळून पिन आतच चिकटलेल्या, उघडला तर आत फॅनला वापरतात तशी बारीक वायर आणि अर्थचा स्क्रू आवळलेलाच नाही. पितळी जाड पिन, किमान अडीच एमएमची तांब्याची वायर, आणि चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने हात लावून बघायचा, कोमट चालेल, चटका बसला तर बंद करायचं.

दुसरा म्हणजे टाईप टू, म्हणजे एसी चार्जरच्या, गनवरून थ्री पिन सॉकेट काढून देणारा, स्कूटरवाले हा फार वापरतात कारण स्कूटरच्या प्रत्येक कंपनीचं तोंड वेगळं. 2023 मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, दुचाकींसाठी एका देशी कनेक्टरला मान्यता दिली पण सगळ्या गाड्यांना तो अजून नाही, त्यामुळे पोरं अडॅप्टर घेऊन फिरतात. टाईप टू गन अशी नुसती लावल्यावर चालू होत नाही, तिच्या पायलट वायरवर 12 व्होल्टचा सिग्नल असतो, समोर खरी गाडी आहे हे कळल्याशिवाय आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट सोडणारा मोठा स्विच, बसतच नाही, उघड्या गनमध्ये करंट नसतो तो यामुळेच. हा अडॅप्टर आतल्या दोन रेझिस्टन्सने आणि एका डायोडने गाडी असल्याचं सोंग करतो. धोका असा की 7.4 किलोवॅटच्या चार्जरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, 32 अँपिअरची, आणि अडॅप्टरचं सॉकेट 16 चं. सॉकेटमध्ये काही बिघडलं तरी मागची एमसीबी लवकर पडणार नाही. म्हणून ज्याच्यात स्वतःची 16 अँपिअरची एमसीबी नाही तो अडॅप्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणि तिसरा, सगळ्यात फसवा, डीसीचा. आपल्या भागात काही ठिकाणी जुने 15 किलोवॅटचे भारत डीसी-001 चार्जर उभे आहेत, त्यांना जीबीटी गन असते, 2017 च्या सुमाराच्या मानकाप्रमाणे, ई-व्हेरिटोसारख्या तेव्हाच्या गाड्यांसाठी. आजच्या गाड्यांना सीसीएस टू. काही जण सांगतात की ऑनलाईन अडॅप्टर मागवला की झालं. साहेब, इथे नुसता तोंडाचा आकार वेगळा नाही, बोलीच वेगळी आहे. जीबीटी कॅन नावाच्या पद्धतीने दोन वेगळ्या वायरवरून बोलतं, सीसीएस त्या पायलट वायरवरच पॉवर लाईन सिग्नलने बोलतं. एकाला फक्त अहिराणी येते आणि दुसऱ्याला फक्त तमिळ, दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले म्हणून व्यवहार होत नाही, मधे दुभाषा लागतो. म्हणजे अडॅप्टरच्या आत स्वतःचं सर्किट आणि सॉफ्टवेअर लागतं, नुसते तांब्याचे पिन इकडून तिकडे जोडून ते होत नाही. आणि आजच्या बहुतेक गाड्यांचा डीसी तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून स्पार्क विझतो, डीसीत तो येतच नाही, चालू लोडवर जोड सुटला तर आर्क पेटलेलाच राहतो. वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. गनला लॉक असतं ते याच्यासाठी. दोन जोडांच्या अडॅप्टरला एकीकडे लॉक असतं, दुसरीकडे बऱ्याचदा नसतं.

उलट काही छोट्या गाड्यांना डीसीची सोयच नाही, एमजी कॉमेट 2023 मध्ये आली ती फक्त एसी चार्जिंग घेऊन, त्या मालकांनीही हायवेच्या डीसी गनसाठी अडॅप्टर शोधू नये. मिळाला असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय.

नियम काय आहे तेही लिहितो, कारण मला वाटलं होतं नियमच नसतील, पण आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये सुरक्षेच्या नियमांत चार्जिंग स्टेशनचं वेगळं प्रकरण घातलं. त्यात स्पष्ट आहे की चार्जरची गन आणि गाडीचं तोंड याच्यामध्ये अडॅप्टर वापरायचा नाही, एक्स्टेंशन कॉर्ड वापरायची नाही, 30 मिलीअँपिअरला पडणारा अर्थ लीकेजचा स्विच हवा, अर्थिंग तुटलं तर सप्लाय आपोआप बंद व्हायला हवा. दुसरीकडे केंद्र सरकारने 2018 मध्येच सांगून टाकलं की चार्जिंग स्टेशन काढायला वीज विकण्याचं लायसन्स लागत नाही. ते चांगलंच झालं, म्हणून तर साक्रीच्या पुढे हॉटेलवाल्याने मशीन बसवलं, नाहीतर आमच्यासारख्यांनी सुरतला जायचंच नाही का. पण लायसन्स नको याचा अर्थ वायरमनही नको असा घेतला गेलाय. मशीन कंपनीचं, जागा हॉटेलची, ॲप तिसऱ्याचं, मीटर महावितरणचं, आणि अडलेल्या माणसापुढे उभं राहायला यातला एकही नाही. हॉटेलच्या वेटरला विचारलं तर तो म्हणतो आम्हाला हात लावायची परवानगी नाही.

अर्थिंगचं तर वेगळंच दुखणं आहे आणि ते खास आपलं आहे. तापी-गिरणेकाठची काळी जमीन, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. डिसेंबरात घातलेला अर्थिंगचा रॉड एप्रिल-मेमध्ये मातीपासून सुटतो, चारी बाजूंनी पोकळी, कागदावर अर्थिंग आहे पण जमिनीला टेकलेलं नाही. मग पोर्टेबल चार्जर लाल दाखवतो आणि लोक म्हणतात चार्जर खराब. मी स्वतःच्या घरी केलं ते सांगतो, खड्ड्यात पाईप ठेवलाय, मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडतो, आणि फेज ते अर्थ शंभरचा बल्ब लावून बघतो. बल्ब फेज-न्यूट्रलवर जेवढा पेटतो तेवढाच फेज-अर्थवर पेटला पाहिजे, मंद पेटला तर अर्थिंग कच्चं. घरात अर्थ लीकेजचा स्विच असेल तर या तपासणीने तो पडेल, म्हणजे तो चांगला आहे, मग वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्या, बल्बचा प्रयोग घरच्या घरी करू नका. हॉटेलवाल्यांना दर मार्चमध्ये एवढी तपासणी करून घ्यायला असा किती खर्च येतो?

वीज आपल्याकडे तयार होते साहेब. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर, साक्री तालुक्यात 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत, दरवर्षी वायरमन-इलेक्ट्रिशियनची पोरं बाहेर पडतात आणि पुण्याला कंपनीत कंत्राटावर बारा तास उभी राहतात. त्यातल्या एकेकाला तालुक्याच्या चार-पाच स्टेशनवर नेमलं तर? त्याच्याजवळ अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, सुटी एमसीबी आणि एक मोटरसायकल असली की पुरे. त्याचा नंबर मशीनवर मोठ्या अक्षरात. अडलेल्या माणसाला "भाऊ, गन जरा उचलून धरा" एवढं मराठीत सांगणारा पाहिजे, त्याला इंजिनिअर असायची गरज नाही. माझी मागणी एवढीच आहे, चार्जर बसवणाऱ्या कंपन्यांनी, जिल्हा प्रशासनाने आणि महावितरणने मिळून ठरवली तर कुठलाही मोठा निधी न लागता होण्यासारखी. आणि अर्थिंग बायपास करणारे अडॅप्टर दुकानात उघड विकले जातायत, विद्युत निरीक्षक कार्यालयाने एकदा त्या दुकानांतून फिरावं. कोणाला धरायला नाही तर निदान सांगायला, कारण विकणाऱ्यालाही माहीत नाही तो काय विकतोय.

ज्यांनी असा अडॅप्टर घेतलाय त्यांनी लाजू नये, उघडून बघावा. न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये वायर किंवा छोटा रेझिस्टन्स दिसला की कापून फेकावा. कळत नसेल तर जवळच्या रिवायंडिंगवाल्याकडे न्या, आमच्यातला कोणीही दोन मिनिटांत सांगेल, मी रविवारी सकाळी दुकान त्यासाठीच उघडं ठेवतो, पैसे घेत नाही. फैजपूरचा तो वितळलेला निळा अडॅप्टर मी दारातच खिळ्याला टांगलाय, लोक विचारतात हे काय आणि मग बोलणं निघतं.

परवा आमच्याकडच्या हायवेवरच्या एका पंपमालकांनी मला विचारलं की आबा, आम्ही बोर्ड रंगवतोय, काय लिहू सांगा. त्यांना जे लिहून दिलं तेच इथे देतो, जागा असेल तर छापा, ज्यांना हवं त्यांनी आपल्या स्टेशनवर जसंच्या तसं रंगवून घ्यावं:

गाडी बंद करा, पार्किंगला लावा. गन खालून उचलून आत दाबा, लॉकचा खट्ट आवाज ऐका, मग ॲप सुरू करा. फेल आलं तर गन काढून दोन मिनिटं थांबा, गाडी लॉक-अनलॉक करून परत लावा. मशीन बंद दिसलं तर लाल बटण दाबलेलं आहे का बघा, असेल तर बाणाच्या दिशेने फिरवा. गन आणि गाडी याच्यामध्ये कोणताही अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन लावू नका. झाल्यावर गन जागेवर अडकवा, जमिनीवर टाकू नका. चार्जिंग चालू असताना लहान मुलांना गाडीपासून लांब ठेवा. गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर परत गाडीला किंवा गनला हात लावू नका, आधी लाल बटण दाबा आणि खालच्या नंबरवर फोन करा.

खालचा नंबर अजून रिकामाच आहे. पंपमालकांनी कंपनीला तीनदा मेल केलाय, आमच्या गावच्या बोर्डावर कोणाचा नंबर लिहायचा ते सांगा म्हणून.

आपला नियमित वाचक,
एक मोटर रिवायंडिंगवाला
एरंडोल, जि. जळगाव